टोकन घेण्याआधी काकांना आणि आत्याला फोन करा

प्रश्न:

सप्रेम नमस्कार. मी 46 वर्षांचा, पुण्यात नोकरीला आहे. सिंहगड रस्त्यावरचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट बाबांनी 1996 मध्ये स्वतःच्या पगारातून आणि कर्ज काढून घेतला. कर्ज 2009 मध्ये फिटलं. करारनामा आणि शेअर सर्टिफिकेट, दोन्हींवर एकट्या बाबांचं नाव. जून 2022 मध्ये बाबा गेले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं, पण सोसायटीत नॉमिनी म्हणून त्यांनी माझं नाव दिलं होतं. त्या धक्क्यातून आजी सावरलीच नाही, सात-आठ महिन्यांत तीही गेली. आजोबा पूर्वीच गेलेले. काका आणि आत्या दिवसकार्याला येऊन गेले, पण त्यांचा या घराशी तसा काही संबंध नाही.

घरात आता आई एकटी असते. तिला जिना चढवत नाही, म्हणून फ्लॅट विकून तिला माझ्याकडे आणायचं ठरवलंय. थोरला भाऊ अमेरिकेत आहे, धाकटी बहीण लग्न होऊन नाशिकला. 90 लाखांचं गिऱ्हाईक आलंय. पाच लाख टोकन देतो, महिन्यात व्यवहार उरकू म्हणतो. फक्त 15 लाख रोखीत घ्या असा त्याचा आग्रह आहे. सोसायटीचे चेअरमन म्हणतात, 'तुम्ही नॉमिनी आहात, सर्टिफिकेट तुमच्या नावावर करून देतो, मग तुम्ही मोकळे. सोसायटीला एक लाख देणगी तेवढी द्या.' भाऊ म्हणतो, 'तू करशील ते मान्य.' बहिणीला अजून विचारलेलं नाही. आता सही मागितली तर तिला वाईट वाटेल असं आईला वाटतं. तिची सही लागतेच का?

एक वाचक, पुणे

उत्तर:

नमस्कार. हो, बहिणीची सही लागते. भावाची लागते, आईची लागते. आणि ज्यांचा या घराशी संबंध नाही असं तुम्ही लिहिलंय, त्या काकांची आणि आत्याचीही लागते. हे वाचून दचकला असाल. का ते पुढे सविस्तर लिहिते. तोवर एवढंच करा, की टोकनचे पाच लाख घेऊ नका. आज पैसे घेऊन तुम्ही एकट्याने पावती लिहून दिलीत आणि महिन्यात सगळ्यांच्या सह्या जमल्या नाहीत, तर गिऱ्हाईक पैसे परत मागेल, वर नुकसानभरपाई मागेल, आणि तुमच्याच सहीचा कागद त्याच्या हातात असेल.

आधी नॉमिनीचं बघू. मी वकील, माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ घरांत हा गैरसमज असतो, आणि तो शिकल्या-सवरलेल्या माणसांतही तितकाच असतो. सभासद वारला की मेंटेनन्स कुणाकडे मागायचा, नोटीस कुणाच्या नावाने काढायची, सभेला कुणाला बोलवायचं, हे सोसायटीला कळावं म्हणून नॉमिनी असतो. वारसांच्या वतीने तो घर सांभाळतो. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात 2019 साली गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं गेलं. त्यातल्या कलम 154-ब-13 प्रमाणे नॉमिनीला सोसायटीने तात्पुरता सभासद करून घ्यायचं असतं, आणि तेही कायदेशीर वारस सभासद होईपर्यंत. कायद्यातच 'तात्पुरता' म्हटलंय, तेव्हा त्यावर वाद घालायला फारशी जागा नाही. विम्याच्या नॉमिनीबद्दल सुप्रीम कोर्टाने 1983 मध्येच सांगितलं होतं की त्या वेळच्या कायद्याप्रमाणे त्याला पैसे फक्त स्वीकारता येतात, त्यावर हक्क वारसांचाच. डिसेंबर 2023 मध्ये शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या नॉमिनीबद्दलही कोर्टाने वारसांचा हक्कच वरचढ मानला.

तुमचे चेअरमन मुद्दाम फसवत असतील असं मला वाटत नाही. वर्षानुवर्षं सोसायट्यांमध्ये असंच होत आलंय आणि बऱ्याच ठिकाणी कुणी हरकत घेत नाही, म्हणून ते खपून जातं. घरी गेल्यावर शेअर सर्टिफिकेट उलटं करून मागची बाजू बघा. तिथे एक तक्ता छापलेला असतो. हस्तांतराची तारीख, नव्या सभासदाचं नाव, रजिस्टरचा नंबर आणि शेवटी चेअरमन, सेक्रेटरी यांच्या सह्या. त्या रकान्यात उद्या तुमचं नाव निळ्या शाईने लिहिलं गेलं तरी सोसायटीच्या दप्तरातली एक नोंद बदलेल, एवढंच. बाबांच्या वारसांचे हक्क त्याने पुसले जात नाहीत. महावितरणचं बिल आणि महापालिकेची घरपट्टी नावावर करून घेतली तरी तेच. ती नावं लागतात बिल पाठवायला.

आता काका-आत्यांकडे येते. तुमच्या पत्रातलं 'त्या धक्क्यातून आजी सावरलीच नाही' हे वाक्य वाचलं आणि मी पेन उचललं. ही आजी म्हणजे बाबांची आई, आणि बाबा गेले तेव्हा ती हयात होती. तुमच्या घराला 1956 चा हिंदू वारसा कायदा लागू होतो असं धरून पुढचा हिशेब मांडते. पुरुष मृत्युपत्र न करता वारला की त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेचे पहिल्या वर्गातले वारस असतात त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई. सगळ्यांना सारखा हिस्सा. लोक बायको-मुलं मोजतात आणि आईला विसरतात. वकीलसुद्धा कधीकधी विसरतात, म्हणून मी पक्षकाराला पहिला प्रश्न हाच विचारते: वडील गेले त्या दिवशी आजी होत्या का?

तर जून 2022 मध्ये, बाबा गेले त्याच क्षणी, फ्लॅटचे पाच सारखे हिस्से झाले. आई, आजी, तुम्ही, भाऊ, बहीण. प्रत्येकाचा एक पंचमांश. त्यासाठी कुठला कागद व्हावा लागत नाही. मग आजी गेली. तिनेही मृत्युपत्र केलेलं नसेल, तर तिचा पंचमांश तिच्या वारसांकडे गेला. स्त्रीचे पहिले वारस म्हणजे तिचे मुलगे, मुली आणि नवरा, आणि एखादा मुलगा किंवा मुलगी आधी वारली असेल तर त्यांची मुलं. आजोबा नाहीत. राहिले काका, आत्या, आणि बाबांच्या जागी तुम्ही तिघं भावंडं. म्हणजे आजीच्या हिश्श्याचे तीन भाग. एक काकांचा, एक आत्याचा, एक तुम्हा तिघांत मिळून. तुमच्या आईला यात काही मिळत नाही, कारण सुनेला सासूच्या वारसांच्या या पहिल्या फळीत जागा नाही.

90 लाखांवर हे मांडलं तर आईचे 18 लाख, तुम्हा तिघा भावंडांचे प्रत्येकी 20 लाख, काकांचे सहा लाख आणि आत्याचे सहा लाख. बेरीज करून बघा, बरोबर 90 होते.

तुम्ही म्हणाल, काका-आत्या कधीच पैसे मागणार नाहीत. शक्य आहे. पण मागणं-न मागणं त्यांच्या मनावर आहे, आणि ते त्यांनी कागदावर सांगायला हवं. गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज घ्यायचं असेल तर बँकेचा वकील बाबांच्या मृत्यूच्या दाखल्याबरोबर वारसांची यादी मागेल. त्या यादीत आजी दिसली की तिचा दाखला मागेल, आणि मग तिच्या वारसांची यादी. टोकन घेऊन झाल्यावर, घर रिकामं करून झाल्यावर हे निघालं, तर तुम्हाला काकांकडे धावत जाऊन सही मागावी लागेल. आज सवडीने फोन करणं आणि तेव्हा घाईने दारात उभं राहणं, यात नात्याच्या दृष्टीने किती अंतर आहे ते तुम्हाला मी सांगायला नको. आजीने मृत्युपत्र केलं होतं का, हेही त्याच फोनवर विचारा. असलं तर वरचा तिचा हिशेब बदलेल.

बहिणीबद्दल थोडं मनापासून लिहू द्या. बाबांच्या स्वतःच्या कमाईच्या घरात मुलीला सारखा हिस्सा 1956 पासून आहे. 2005 च्या दुरुस्तीची चर्चा एवढी झाली, की लोकांना वाटतं मुलींचा हक्क तेव्हापासून सुरू झाला आणि आधी लग्न झालेल्यांना तो नाही. ती दुरुस्ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेबद्दल होती. तुमच्या फ्लॅटचा त्या दुरुस्तीशी संबंध नाही. लग्नात किती खर्च केला याचाही नाही.

माझे वडील गेले तेव्हा चौदाव्या दिवशी माझ्यापुढे हक्कसोडपत्र, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा कागद, आलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. भावाच्या मनात खोट नव्हती, घरावर त्याला कर्ज काढायचं होतं आणि बँकेने कागद मागितला होता. मी वकील, रोज दुसऱ्यांना सांगणारी की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि तिथे मी मुकाट्याने सही केली. पुढच्या आठवड्यात दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन अंगठाही दिला. हिस्सा गेल्याचं मला आजही काही वाटत नाही. विचारलं असतं तर मी आनंदाने सोडला असता. पण कुणी विचारलंच नाही, ते अजून मनात आहे. म्हणून आईंना माझा निरोप सांगा, की सही मागितल्याने लेकीला वाईट वाटेल ही भीती उलटी आहे. तिला न विचारता गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला आणि शेवटी 'इथे सही कर' म्हणून बोलावलं, तर वाईट वाटेल. या रविवारी तुम्ही आणि आई नाशिकला जा. कागद नेऊ नका. घर विकायचं मनात आहे, तुझा त्यात पाचवा हिस्सा आहे आणि वर आजीकडून आलेला थोडा आहे, तुझं काय मत आहे, एवढंच विचारा आणि ती काय म्हणते ते ऐका.

तिला हिस्सा घ्यायचा असेल तर मार्ग सरळ आहे. खरेदीखतात 'लिहून देणार' म्हणून सगळे वारस एकत्र सह्या करतील आणि ज्याच्या त्याच्या हिश्श्याची रक्कम ज्याच्या त्याच्या खात्यात थेट येईल. माझ्या मते तुमच्या घरासाठी हाच मार्ग सगळ्यात स्वच्छ आहे, कारण विकण्यापूर्वी एकाच्या नावावर सगळं गोळा करण्याची तुम्हाला गरजच नाही. सगळं एका नावावर आलं की करही एकाच्याच डोक्यावर येतो आणि भावंडांना पैसे नंतर कसे द्यायचे हा नवा प्रश्न उभा राहतो.

कुणाला हिस्सा नकोच असेल, समजा आत्या म्हणाल्या की माझ्या भावाचं घर आहे, मला काही नको, तर हक्कसोडपत्र करायचं. त्यात तीन गोष्टी पक्क्या बघा. पहिली, ते नोंदवलेलं हवं. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी केलेलं हक्कसोडपत्र घेऊन माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी येतं, आणि त्याने हक्क सुटत नाही हे सांगताना मला वाईट वाटतं. दुसरी, हक्क कुणाच्या लाभात सोडला ते नावानिशी लिहा. सगळ्या उरलेल्या वारसांच्या की फक्त तुमच्या आईच्या, हे आत्यांनी ठरवायचं. तिसरी, मोबदला. जवळच्या नात्यात, वारसाने आलेला हिस्सा काही न घेता सोडला तर मुद्रांक शुल्क नाममात्र लागतं. पण प्रत्यक्षात पैसे द्यायचे आणि कागदावर 'विनामोबदला' लिहायचं, असं करू नका. देणार असाल तर रक्कम लिहा आणि त्यावरचं शुल्क भरा. एकदा नोंदवलेलं हक्कसोडपत्र 'मन बदललं' म्हणून मागे घेता येत नाही, हेही सही करणाऱ्याला तुम्ही स्वतः सांगा.

भावाचं 'तू करशील ते मान्य' फोनवर चालतं, निबंधकांपुढे चालत नाही. तो येऊ शकत नसेल तर त्याने मुखत्यारपत्र करावं. भारतीय कॉन्सुलेटमध्ये जाऊन, किंवा तिथल्या नोटरीपुढे सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे दुसऱ्या देशात कागद चालावा म्हणून तिथलं सरकार देतं तो शिक्का, घेऊन. मुखत्यारपत्र याच फ्लॅटपुरतं असू द्या. फ्लॅटचा नंबर, सोसायटीचं नाव, खरेदीखतावर सही करण्याचा आणि निबंधकांपुढे हजर राहण्याचा अधिकार, सगळं स्पष्ट. 'माझ्या सर्व मालमत्ता' असलं मोघम नको. मूळ कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरून घ्यावं लागतं. पाकीट कपाटात पडून राहिलं आणि मुदत गेली असं फार वेळा होतं, म्हणून कुरिअरचं पाकीट फेकू नका, त्यावर तारीख असते. आणि एक सुचवते. मुखत्यार म्हणून तुम्ही स्वतः न राहता बहिणीला नेमायला भावाला सांगा. व्यवहार तुम्ही चालवताय, तर भावाच्या वतीने सही दुसऱ्या कुणीतरी केलेली बरी दिसते, आणि बहीणही त्यात मनाने सामील होते.

भाऊ अनिवासी असल्यामुळे कराची एक गोष्ट वेगळी होते. व्यवहार 50 लाख किंवा त्यावरचा असला की खरेदीदाराने 1 टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, कापायचा असतो, आणि हे 50 लाख एकूण किमतीवर बघतात. तुमच्या वाट्याला 20 लाखच येतात म्हणून सुटका नाही. तेव्हा काका-आत्यांचंसुद्धा पॅन कार्ड लागेल. भावाच्या हिश्श्यावर मात्र 1 टक्क्याचा नियम चालत नाही, तिथे जास्त दराने कापावा लागतो. तो कमी करून घेण्याचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून मिळतं, पण त्याला वेळ लागतो, म्हणून भावाने अर्ज आधीच करावा. त्याची रक्कम त्याच्या एनआरओ खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या इथल्या उत्पन्नासाठीच्या बँक खात्यात, जाईल. बाकीच्यांच्या करासाठी सीएकडे जा. जाताना बाबांचा 1996 चा करारनामा न्या, कारण वारसाने आलेल्या घराचा नफा काढताना वडिलांनी ते कधी आणि केवढ्याला घेतलं हे धरतात, आणि 1 एप्रिल 2001 पूर्वीची खरेदी असेल तर त्या दिवशीची किंमत धरण्याची सोय आहे. 23 जुलै 2024 नंतरच्या विक्रीला 12.5 टक्के दर आहे. इथे राहणाऱ्यांना जुन्या घरांसाठी महागाईचा निर्देशांक लावून 20 टक्क्यांचा पर्यायही आहे, अनिवासी भावाला तो नाही. दोन्ही हिशेब काढून जो कमी तो घ्या.

त्या 15 लाख रोखीबद्दल फार लिहीत नाही. स्थावर व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीत घेणं कायद्याने मना आहे, आणि घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. तुमच्या बाबतीत त्याहून मोठी अडचण घरातली आहे. कागदावर 75 लाख आले तर काकांना, बहिणीला हिस्सा 75 वर देणार की 90 वर? रोखीची पिशवी कोण मोजणार, कुठे ठेवणार? सहा माणसांच्या व्यवहारात असा पैसा आला की पहिला संशय सगळ्यात जास्त धावपळ करणाऱ्यावर येतो, म्हणजे तुमच्यावर. गिऱ्हाईक अडून बसलं तर दुसरं बघा. मुद्रांक शुल्क वाचवायला तो हे करत असेल, तर त्याला सांगा की शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने त्या भागासाठी ठरवलेली किंमत यांत जी जास्त तिच्यावर लागतं. पुण्यात ते 7 टक्के, म्हणजे 90 लाखांवर सहा लाख 30 हजार. घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर 1 टक्का सवलत आहे, ती त्याने घ्यावी. नोंदणी फी 30,000 च्या वर जात नाही.

सोसायटीची एक लाखाची देणगी देऊ नका. वारसांच्या नावावर शेअर करताना हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे नाव बदलण्यासाठी सोसायटी घेते ती रक्कम, लागतच नाही. पुढे खरेदीदाराच्या नावावर करताना लागतं, आणि त्याची कमाल मर्यादा 25,000 आहे. ही मर्यादा घालणारं शासनाचं परिपत्रक 9 ऑगस्ट 2001 चं आहे. ते चेअरमनांना शांतपणे दाखवा. भांडायला जाऊ नका, तिथे आईंची गेल्या 25 वर्षांपासूनची शेजारीण राहते. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि अर्ज नॉमिनी म्हणून न देता सगळ्या वारसांच्या वतीने द्या. बरोबर दोन्ही मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची प्रतिज्ञापत्रं आणि तुमच्यात काय ठरलं त्याचा कौटुंबिक व्यवस्थेचा लेख जोडा. त्या लेखाने कुणाचा हिस्सा कमी-जास्त होत असेल तर तो नोंदवून घ्या. त्याच कलम 154-ब-13 मध्ये असा लेख धरून सभासदत्व देण्याची सोय आहे. सगळे एका मनाचे असतील तर कोर्टाच्या वारस दाखल्याशिवाय निभावतं. एखादा रुसला, किंवा गिऱ्हाइकाच्या बँकेने हट्टच धरला, तर दिवाणी न्यायालयात 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खाली वारस दाखल्याचा अर्ज करावा लागेल. त्यात जाहीर नोटीस निघते, हरकतींसाठी थांबावं लागतं, महिने जातात. गिऱ्हाइकाला महिन्याची मुदत देऊ नका म्हणते ते याचसाठी.

कागदांमध्ये मूळ करारनामा, त्याची नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे निबंधक कार्यालयातून मिळणारा व्यवहाराचा गोषवारा, शोधून ठेवा. कर्ज 2009 ला फिटलं तेव्हा बँकेने दिलेलं कर्जमुक्तीचं पत्रही हवं. ते सापडत नसेल तर बँकेत आजच अर्ज टाका, पंधरा वर्षांपूर्वीचं खातं शोधायला त्यांना वेळ लागतो.

सगळं जुळून आलं की मग विसारपावती, म्हणजे टोकनचा लेखी करार, करा. त्यात सहाही वारसांची नावं, प्रत्येकाचा हिस्सा, ताबा कधी देणार, आणि भावाचं मुखत्यारपत्र व टीडीएसचं प्रमाणपत्र येईपर्यंत मुदत वाढेल असं वाक्य. टोकनसुद्धा हिश्श्याप्रमाणे प्रत्येकाच्या खात्यात घ्या.

नोंदणीच्या दिवसाबद्दल आईंसाठी लिहिते. निबंधक कार्यालयात फोटो काढतात आणि छोट्या काचेवर अंगठा ठेवायला लावतात. आयुष्यभर भांडी घासलेल्या, पोळ्या लाटलेल्या बायकांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र पुन्हा पुन्हा नाही म्हणतं, मागे रांग असते, आणि ती बाई स्वतःचंच काहीतरी चुकल्यासारखी ओशाळते. मी पर्समध्ये ओला रुमाल आणि थोडं क्रीम ठेवते. अंगठा पुसायचा, क्रीम चोळायचं, परत पुसायचं, मग हळूच दाबायचा. बहुतेक वेळा उमटतो. तुम्हीही न्या. आईंना जिना चढवत नाही म्हणालात. कार्यालय वरच्या मजल्यावर असेल आणि त्यांना जमणारच नसेल, तर गृहभेटीचा अर्ज करता येतो, नोंदणी करणारा अधिकारी घरी येतो.

आणि त्यांच्या 18 लाखांचं काय करायचं, याबद्दल तुमच्या पत्रात काही नाही. त्या तुमच्याकडे राहायला येणार म्हणून ते पैसे आपोआप तुमच्या घरखर्चात किंवा नव्या मोठ्या फ्लॅटमध्ये जाऊ देऊ नका. त्यांच्या एकटीच्या नावाचं खातं, त्यांचं पासबुक, त्यांच्या उशाशी. नवं घर घेताना त्यांचे पैसे घालायचे असतील तर करारनाम्यात त्यांचं नाव घाला, तेवढ्या हिश्श्याने. तुम्ही चांगले आहात म्हणूनच त्यांना इकडे आणताय, ते मला दिसतंय. पण हे घर त्यांच्या नवऱ्याचं होतं, त्यात त्या 26 वर्षं नवऱ्याबरोबर राहिल्या. विकायला त्यांचा होकार तुम्ही धरून चाललाय की त्यांनी तो तोंडाने दिलाय? पत्रावरून मला कळलं नाही. नाशिकच्या वाटेवर गाडीत विचारा.

तिथून आलात की काकांना आणि आत्याला फोन करा, आणि आजींचा मृत्यूचा दाखला महापालिकेतून काढून घ्या. चार-पाच प्रती घ्या. सोसायटी, बँक, निबंधक, सगळीकडे तो लागणार आहे, आणि आत्तापर्यंत तो काढायचं कुणाच्या लक्षातही आलं नसेल.